निळ्या कापडावरचे पांढरे ठिपके



या वेळची सुरुवात एका पाकिटाने करू. पाकीट आलंय नवी मुंबईतल्या सारसोळ्याहून. पाठवणारी तुमच्यासारखीच एक वाचक, इयत्ता आठवी. 'नाव छापू नका' असं तिने दोनदा अधोरेखित करून बजावलंय, तेव्हा छापत नाही. आत एक पत्र आहे आणि पत्राला टाचणीने लावलेला तळहाताएवढा गडद निळ्या सुती कापडाचा तुकडा.

ती लिहिते, 'दिवाळीत मामाने दिलेल्या पैशांतून मी कुर्त्याचं कापड घेतलं. शिवून आल्यावर उन्हात पाहिलं, तर सगळीकडे खसखशीएवढे पांढरे ठिपके! आई म्हणाली, काहीतरी सांडलं असेल, झटक. झटकून गेले नाहीत. धुऊनही गेले नाहीत. दुकानदार म्हणाला, सुती कापडात असं असतंच. आजोबा म्हणतात, फसवलं तुला. माझे प्रश्न दोनच. हे ठिपके कसले? आणि मला खरंच फसवलं का?'

झकास पत्र! उगाच पाल्हाळ नाही आणि सोबत पुरावासुद्धा. मी लगेच भिंग काढून खिडकीत बसलो. एक ठिपका सुईच्या टोकाने हळूच उचकटला. तो डाग नव्हताच मुळी. ती होती एक गुठळी. अगदी बारीक, केसांच्या गुंत्यासारखी. सूतगिरणीत या गुठळीला 'नेप' म्हणतात. आजूबाजूच्या धाग्याने निळा रंग भरपूर पिऊन घेतला होता. ही गुठळी मात्र जवळजवळ कोरडीच राहिली होती.

पण का? एकाच कापडात, एकाच रंगाच्या हौदात बुडालेल्या कापसापैकी काही तंतूंनी रंग घेतला आणि काहींनी नाही, असं का व्हावं? याचं उत्तर शोधायला दुकानात जाऊन उपयोग नाही आणि गिरणीत जाऊनही पुरतं भागत नाही. थेट शेतात जावं लागतं. तेही रात्री, थंडीच्या.

आधी एक गोष्ट पक्की करू. कापसाचा एक तंतू म्हणजे काय? तो धागा नव्हे. धागा आपण कातून करतो. तंतू म्हणजे एक पेशी. होय, एकच! विज्ञानाच्या पुस्तकात जिच्या आकृतीला तुम्ही नावं देता ना, तसली एक पेशी. फक्त ती वाढत वाढत अडीच-तीन सेंटिमीटर लांब झालेली असते आणि तिची जाडी असते मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी. म्हणजे जाडीच्या हजारपट आणि त्याहूनही जास्त लांबी!

कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा फिकट, पिवळसर-पांढरं असतं. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होतं आणि मलूल पडतं. ज्या दिवशी फूल उमलतं, त्याच दिवशी आतल्या चिमुकल्या बीजांडांच्या सालीवर एक गडबड सुरू होते. सालीवरच्या साधारण दर चार पेशींपैकी एक पेशी फुगते आणि बाहेर डोकं काढते. एका सरकीवर असे दहा-बारा हजार तंतू सहज असतात. बाहेरून आपल्याला दिसतं नुसतं हिरवं बोंड. आत मात्र हजारो घरांचं बांधकाम चाललेलं असतं.

घर म्हणालो ते मुद्दाम. तंतूचं बांधकाम दोन टप्प्यांत होतं. पहिले तीनेक आठवडे तो नुसता लांब होतो. भिंत पातळ, कागदासारखी, आत पोकळी. मग लांबीचं काम संपत येतं आणि दुसरं काम सुरू होतं: भिंतीला आतून गिलावा. दररोज एक थर. हा गिलावा सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज तयार होतं साखरेपासून. पानं दिवसभर उन्हात साखर करतात, ती देठातून बोंडात येते आणि आतले गवंडी तिचा माल करून थरावर थर चढवतात. हे आणखी तीन-चार आठवडे चालतं. फूल उमलल्यापासून बोंड फुटेपर्यंत असे साधारण पन्नास दिवस. शेवटी पिकलेल्या तंतूत नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोजच असतं.

आता तापमानाकडे येऊ.

तुमच्या घरी आई दही लावते ना? उन्हाळ्यात रात्री विरजलेलं दही सकाळी घट्ट. डिसेंबरात मात्र विरजणाचा डबा कुठे तरी उबेला ठेवावा लागतो, नाहीतर सकाळी दूधच! जिवंत प्राण्यांची आणि वनस्पतींची बरीच कामं अशी उबेवर चालतात. आपले गवंडीही तसलेच. त्यांना पंचवीस ते तीस अंश सेल्सियस छान मानवतं. रात्रीचा पारा वीस-बावीस अंशांच्या खाली उतरला की त्यांचे हात गारठतात. पंधरा अंशांजवळ तर काम फारच रेंगाळतं. साखर दारात पडून असली तरी तिचा गिलावा होत नाही.

ही काही बसल्या जागी रचलेली गोष्ट नाही बरं का. तंतूने त्या रात्रींची नोंद स्वतःच्या अंगावर करून ठेवलेली असते! लॉरेन्स बॉल्स नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ इजिप्तमध्ये कापसावर काम करत. त्यांनी तंतू रसायनात फुगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर भिंतीत कांद्यासारखी एकात एक कडी दिसली. १९१९ साली त्यांनी ते जाहीर केलं. सागाच्या ओंडक्यावर वर्षांची वलयं असतात, तशी ही दिवसांची वलयं. एक दिवस-रात्र, एक कडं. पुढे काही शास्त्रज्ञांनी गंमतच केली. त्यांनी कपाशी अशा खोलीत वाढवली, जिथे उजेडही सारखा आणि तापमानही सारखं. दिवस नाही, रात्र नाही. त्या कापसात कडी दिसेनात! म्हणजे कडी पाडतो तो दिवस-रात्रीतला फरक.

आता असं समजा, की गिलाव्याच्या दिवसांतच थंडी आली. मग काय होईल? तंतू लांबीला फारसा कमी पडत नाही. थंडीत तो हळू लांबतो, पण जास्त दिवस लांबत राहतो, त्यामुळे पुष्कळदा भरपाई होते. पंचाईत होते ती जाडीची. बोंड फुटायला पन्नासाऐवजी साठ-सत्तर दिवस लागतात आणि तेवढ्यात झाडच म्हातारं होतं, जमिनीतली ओल सरते, पानं गळतात. मग गिलावा अर्धाच राहतो. दिसायला तंतू चांगला लांब, आतून मात्र पोकळ आणि पातळ.

बोंड फुटल्यावर तंतू वाळतो. पिकलेला तंतू वाळताना चपटा होतो आणि स्वतःभोवती पीळ घेतो. हा पीळ फार मोलाचा. त्यामुळेच एक तंतू दुसऱ्याला धरून ठेवतो आणि सूत निघतं. (उन्हाळ्यात सावरीचा कापूस उडत येतो ना, त्याचे तंतू गुळगुळीत, बिनपिळाचे. म्हणून त्याची उशी होते, सूत सहसा निघत नाही.) अपुरा तंतू मात्र ओल्या कागदी फितीसारखा लुळा पडतो. जिनात सरकी वेगळी करताना, गिरणीत पिंजताना तो तुटतो, वळतो, दुसऱ्याच्या गळ्यात पडतो आणि त्याची गुठळी होते. भिंतच पातळ, त्यामुळे रंग धरायला जागाही कमी. गडद निळ्या कापडावर तो पांढरा उठून दिसणारच.

सारसोळ्याच्या मैत्रिणी, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. तुझ्या कुर्त्यावरचे ठिपके म्हणजे अर्धवट राहिलेल्या तंतूंच्या गुठळ्या. ते थंडीमुळेच अर्धवट राहिले, असं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. पाण्याचा ताण, रोग, किडीने पोखरलेलं बोंड, घाईने वेचलेलं अर्धं फुटलेलं बोंड, यांनीही गिलावा अपुरा राहतो. तुझ्या तुकड्यावरून त्या शेताचा पत्ता सांगणं काही माझ्या भिंगाच्या आवाक्यातलं नाही.

पण आपल्या महाराष्ट्रात थंडीचा वाटा कसा पडतो, ते मात्र आकडेमोड करून पाहता येतं. वही घ्या.

नागपूरचं रात्रीचं सरासरी किमान तापमान सप्टेंबरात साधारण २३ अंश, ऑक्टोबरात २०, नोव्हेंबरात १५-१६ आणि डिसेंबरात १२-१३ अंश असतं. सारसोळ्याला खाडी उशाशी आणि समुद्र जवळ, त्यामुळे डिसेंबरातही एका गोधडीत भागतं. विदर्भात शेकोटी पेटते. आता तिथे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उमललेलं एक फूल घ्या. तीन आठवडे लांबीचे सोडा. गिलावा सुरू होईल सप्टेंबरच्या अखेरीला आणि चालेल ऑक्टोबर संपेपर्यंत. रात्री वीस-बावीसच्या आसपास. छान! आता ऑक्टोबरच्या मध्यावर उमललेलं फूल घ्या. गिलाव्याला नोव्हेंबर लागला. रात्री पंधरा-सोळा. दिवसा ऊन असतं, काम होतं, पण रात्रपाळी जवळजवळ बंद! आणि नोव्हेंबरात उमललेलं फूल? त्याचं तुम्हीच लिहा.

म्हणून एकाच झाडाचा, एकाच बियाणाचा, एकाच शेतातला कापूस सारखा नसतो. खालच्या फांद्यांवरची बोंडं आधीची, शेंड्याकडची उशिराची. विदर्भात पहिल्या वेचणीच्या वेळी शेतात सीतादही करतात, पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य असतो. त्या पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा कापूस हाताला भरीव लागतो. शेवटच्या वेच्याचा हलका, मरगळलेला. हंगाम संपल्यावरही पराटी शेतात ठेवून पुन्हा पाणी देऊन घेतात ती फरदड. तिची रुई बहुधा आणखी हलकी. (फरदड घेऊ नका असं शास्त्रज्ञ बजावतात, ते मुख्यतः शेंदरी बोंडअळीमुळे. २०१७ साली या अळीने विदर्भात फार मोठं नुकसान केलं.) वेचणाऱ्या बायांना हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. त्यांची मजुरी किलोवर असते. हलक्या कापसाने ओटी भरली तरी काट्यावर किलो भरत नाही.

हा हलकेपणा मोजायचं एक यंत्र आहे आणि ते फार सोपं आहे. ठरावीक वजनाचा कापूस एका डबीत दाबून भरायचा आणि त्यातून हवा सोडायची. हवा किती सहज जाते, त्यावरून जो आकडा मिळतो त्याला 'मायक्रोनेअर' म्हणतात. तंतू पातळ असले तर तेवढ्याच वजनात त्यांची संख्या जास्त भरते, हवेला अडवणाऱ्या भिंती वाढतात आणि आकडा खाली येतो. मैत्रिणी, तुमच्या सारसोळ्याच्या कोळीवाड्यात हे कुणालाही विचार. बारीक आसाचं जाळं पाण्यातून ओढायला जड जातं की मोठ्या आसाचं? उत्तर लगेच मिळेल. (नायलॉन येण्याआधी जाळी सुताचीही विणत असत, म्हणजे कोळीवाड्याचं कापसाशी नातं तसं जुनंच आहे.)

एक खोच मात्र लक्षात ठेवा. आकडा कमी आला म्हणजे तंतू कच्चाच, असं नाही. काही जाती जन्मतःच नाजूक असतात. तमिळनाडूतला 'सुविन' कापूस अतिशय तलम, तरी पुरता पिकलेला. आपल्या गावरान कापसाचा तंतू उलट आखूड आणि राठ; म्हणून दवाखान्यातल्या पट्ट्यांच्या कापसाला तो चांगला. बारीक आणि कच्चा यांतला फरक ओळखायला आणखी वेगळ्या चाचण्या लागतात. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून एक प्रयोगशाळा कापसाच्या अशाच परीक्षा करते आहे. आज तिचं नाव केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था.

आकड्याचं एवढं कौतुक कशाला, असं वाटेल. तर ऐका. २०२४-२५ च्या हंगामात सरकारी हमीभाव मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,१२१ रुपये आणि लांब धाग्याला ७,५२१ रुपये होता. मध्यम म्हणजे लांबी २४.५ ते २५.५ मिलिमीटर आणि मायक्रोनेअर ४.३ ते ५.१. लांब म्हणजे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर आणि मायक्रोनेअर ३.५ ते ४.३. बघा, सरकारच्या भावातसुद्धा लांबीच्या शेजारी हा गिलाव्याचा आकडा बसलेला आहे! हमीभावाने कापूस घेणारं भारतीय कापूस महामंडळ, त्याचं मुख्य कार्यालय 'कापूस भवन' कुठे आहे ठाऊक आहे? बेलापूरला. नेरूळहून गाडीत बसलीस की सीवूड्स आणि पुढचं स्टेशन बेलापूर. उलट्या दिशेच्या गाडीत बसून मुंबईकडे गेलीस, तर त्याच मार्गावर शिवडीच्या पुढे 'कॉटन ग्रीन' लागेल. कापसाचा बाजार तिथे होता, म्हणून ते नाव. विदर्भ-खानदेशातून रेल्वेने आलेल्या गाठी त्या भागातल्या गोदामांत रचल्या जात. सारसोळ्याला कपाशीचं एक झाड नसेल, पण कापसाच्या दोन मोठ्या जागा तुझ्या एकाच रेल्वेमार्गावर आहेत.

खेड्यातल्या बाजारात मात्र यंत्र कुठलं? व्यापारी गाडीतून चिमूटभर कापूस उचलतो, दोन्ही हातांच्या बोटांनी ताणून पाहतो आणि भाव सांगतो. शेतकरी बघत राहतो. खत त्याने घातलं, निंदण त्याने केलं. नोव्हेंबरच्या रात्री मात्र त्याच्या हातात नव्हत्या.

आणि त्या रात्रींची गाठ पडते कुणाशी, तर जूनच्या पावसाशी! महाराष्ट्रातली बहुतेक कपाशी कोरडवाहू. पाऊस पडला की पेरणी. मृग बरसला तर जूनमध्ये बी जमिनीत जातं. पाऊस तीन आठवडे लांबला, किंवा पेरलेलं जळून दुबार पेरणी करावी लागली, की फुलंही मागे सरकतात, बोंडंही सरकतात आणि गिलाव्याचे दिवस थेट थंडीत जाऊन पडतात. थंडी काही तीन आठवडे थांबत नाही. दुबार पेरणीचा खर्च सगळ्यांना दिसतो. तंतूत झालेला हा तोटा मात्र कापूस काट्यावर चढल्यावर, तोही फक्त भावात दिसतो. म्हणूनच लवकर तयार होणाऱ्या जाती दाट लावायच्या आणि थोडी पण वेळेवर बोंडं घ्यायची, हा मार्ग नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धरला. तिला म्हणतात सघन लागवड.

'मग उष्णता जितकी जास्त तितकं चांगलं!' असं कुणी म्हणेल, तर तसंही नाही. फुलोऱ्यात पारा पस्तीस-अडतीसच्या वर जाऊ लागला की परागकण निकामी होतात, बोंडं गळतात, उरतात ती लहान राहतात. उकाड्यात तंतू घाईने पिकतो, लांब व्हायला त्याला पुरेसे दिवस मिळत नाहीत. रात्रीही गरम राहिली तर झाड दिवसाची साखर स्वतःच्या श्वासोच्छ्वासातच खर्चून टाकतं आणि गिलाव्याला माल कमी पडतो. खानदेशात, जळगावकडे, विहिरीच्या पाण्यावर मे महिन्याच्या अखेरीस कपाशी लावत आले आहेत. तेव्हा तिथे पारा चाळिशीच्या पुढे असतो. तरी तंतूला त्याची झळ लागत नाही. का? कारण तेव्हा झाड दोन-चार पानांचं असतं. फुलं येतात तोवर पाऊस पडून हवा निवलेली असते. तेव्हा 'किती तापलं' एवढंच विचारून भागत नाही, 'कधी तापलं' हेही विचारावं लागतं.

आता दुसरा प्रश्न. तुला फसवलं का? आजोबांना सांग, अगदीच फसवलं असं नाही. दुकानदारही अगदी खोटं बोलला नाही. थोडेफार नेप प्रत्येक सुती कापडात असतात. पण खसखस पेरल्यासारखे इतके? म्हणजे सुतात अपुऱ्या कापसाची भेसळ बरीच होती आणि गिरणीने कापूस विंचरण्याचा खर्च वाचवला. होय, कापूस विंचरतातही! त्यात आखूड तंतू आणि गुठळ्या निघून जातात. टी-शर्टच्या चिठ्ठीवर 'कोम्ब्ड कॉटन' लिहिलेलं असतं ते हेच. तेव्हा तुला थोडं स्वस्त मिळायला हवं होतं, एवढं माझं मत. पुढच्या वेळी गडद रंगाचं कापड घेताना दुकानाच्या पायरीवर ये आणि उन्हात धरून पाहा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नेप चटकन दिसत नाहीत.

आता सगळ्यांसाठी काम. शाळेतल्या सरांकडून किंवा बाईंकडून सूक्ष्मदर्शक मागा. देवघरातल्या कापसाचे दोन-तीन तंतू काचपट्टीवर ठेवा आणि पीळ मोजा. शेजारी गडद कापडातला एखादा नेप सोडवून ठेवा आणि त्यातले तंतू पाहा. पीळ कुणात जास्त दिसतात? पाण्याचा एक थेंब टाकून पुन्हा पाहा. जमल्यास सावरीच्या कापसाचाही एक तंतू शेजारी ठेवा.

दुसरं काम जरा चिकाटीचं. वर्तमानपत्रात हवामानाची चौकट असते. १ नोव्हेंबर ते ३० नोव्हेंबर रोज नागपूर आणि मुंबई, दोन्हींचं किमान तापमान वहीत लिहा. पंधरा अंशांच्या खालच्या रात्रींवर लाल पेन्सिलने खूण करा. महिना संपला की तक्ता पोस्टाने पाठवा. सारसोळ्याच्या मैत्रिणीचा तक्ता तर यायलाच हवा. आणि हो, तुझा निळा तुकडा मी परत पाठवतोय, पण सुईने सोडवलेला तो एक नेप माझ्याकडेच ठेवलाय.